आफ्रिकेतील रुग्णालयांत प्रसाविकांचे प्रशिक्षण कसे उभे करावे

टांझानियाच्या उत्तर भागात, मन्यारा प्रांतात, हायडम नावाचे जुने मिशनरी रुग्णालय आहे. जन्मतः न रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा सुरू करावा, याचे एक दिवसाचे प्रशिक्षण एप्रिल २०१० मध्ये तेथील कर्मचाऱ्यांना देण्यात आले. काही महिन्यांनी बाळाच्या सराव-पुतळ्यावर चाचणी घेतली तेव्हा सर्वांचे हात पूर्वीपेक्षा सफाईने चालत होते. पण प्रसूतिकक्षात खरे बाळ हाती आले की काम जवळपास पहिल्यासारखेच होत होते. तेव्हा फेब्रुवारी २०११ पासून पद्धत बदलण्यात आली. पुतळा प्रसूतिकक्षातच ठेवला, आठवड्यातून एकदा तीन ते पाच मिनिटांचा सराव आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी सुरू केली. पुढच्या वर्षभरात, जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. शिकवलेला विषय तोच होता. बदलली ती शिकवण्याची जागा आणि सरावाची वारंवारिता.

या लेखात जे काही सुचवले आहे त्याचा पाया हाच अनुभव आहे. २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मरण पावल्या, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के मृत्यू सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झाले. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. त्यामुळे ब्रिटन, नॉर्वे, अमेरिका येथील अनेक धर्मादाय संस्था तेथील प्रसाविका, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या प्रशिक्षणाचे काम करतात. महाराष्ट्रातील, तसेच ब्रिटनमध्ये किंवा पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेले मराठी डॉक्टर, परिचारिका आणि देणगीदार यांना अशा कामात उतरायचे असेल, एखादी छोटी संस्था काढायची असेल किंवा असलेल्या संस्थेला हातभार लावायचा असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे पैसा व श्रम वाया जातात, हे पुढे सांगितले आहे.

आधी बोलणी, मग विमानाचे तिकीट

पहिली पायरी रुग्णालय निवडण्याची आहे. राजधानीतील मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत परदेशी पाहुण्यांची वर्दळ असते. खरी गरज जिल्हा रुग्णालयात असते, जेथे सिझेरियनची सोय आहे, आसपासच्या आरोग्य केंद्रांतून अवघड बाळंतपणे पाठवली जातात, आणि रात्रपाळीला दोन प्रसाविकांवर सगळा वॉर्ड चालतो. असे रुग्णालय निवडले तरी कामाला सुरुवात तेथील अधीक्षक, अधिसेविका आणि जिल्हा आरोग्य कार्यालय यांच्याशी बोलूनच करावी. त्यांना कशाची गरज वाटते ते आधी विचारावे आणि आपण काय देऊ शकतो ते नंतर सांगावे. हा क्रम उलटला तर समोरची मंडळी सौजन्याने होकार देतात आणि काम मात्र आपल्याच अंगावर राहते.

त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे मिळवून ती मुळातून वाचावीत आणि तीच शिकवावीत. आपण मुंबईच्या किंवा लंडनच्या रुग्णालयात जसे करतो तसे शिकवण्याचा मोह टाळावा, कारण एका वॉर्डात दोन संस्थांनी झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट देण्याच्या दोन वेगळ्या पद्धती शिकवल्या, तर झटके येत असलेल्या बाईसमोर उभी असलेली प्रसाविका गोंधळते. म्हणूनच त्या रुग्णालयात आधीपासून कोण काय शिकवत आहे, याची चौकशी करणे अत्यावश्यक आहे.

रुग्णाला हात लावायचा असेल तर तेथील परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. केनियात नर्सिंग कौन्सिल, युगांडात नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिल, आणि डॉक्टरांसाठी प्रत्येक देशाची स्वतंत्र वैद्यकीय परिषद असते. या कागदपत्रांना काही महिने लागू शकतात. फक्त शिकवायचे आहे, रुग्ण तपासायचा नाही, असे ठरवले तरी प्रसूतिकक्षात उभे राहिल्यावर हात मागे राहत नाहीत. त्यामुळे नोंदणी करूनच जावे. रुग्णालयाशी लेखी करार करावा आणि त्यात कालावधी, दोन्ही बाजूंची जबाबदारी व काम संपवण्याची पद्धत हे सारे लिहिलेले असावे. माझ्या मते तीन वर्षांहून कमी मुदतीचा करार करण्यात अर्थ नाही.

नोंदवही हाच पहिला शिक्षक

पहिल्या भेटीत काहीही शिकवू नये. प्रसूतिकक्षाची नोंदवही मागावी आणि मागील बारा महिन्यांची पाने शांतपणे वाचावीत. एकूण प्रसूती किती, सिझेरियन किती, माता कोणत्या कारणाने गेल्या, मृत जन्मलेली बाळे किती, आणि त्यांतील ताजी किती, हे टिपावे. ताजे मृतजन्म याचा अर्थ असा की कळा सुरू झाल्या तेव्हा ते बाळ बहुधा जिवंत होते; म्हणजे ते प्रसूतीच्या काळात, अनेकदा रुग्णालयाच्या छपराखाली गेले. हा एक आकडा प्रसूतिकक्षाच्या कामाविषयी पुष्कळ काही सांगतो. मृत्यूच्या वेळाही पाहाव्यात. रात्री, शनिवार-रविवारी किंवा पाळी बदलताना ते जास्त होत असतील, तर प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही हे उघड होते.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन विलंबांचा उल्लेख करतात: घरातून निघण्याचा निर्णय घेण्यातला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. प्रशिक्षणाने फक्त तिसरा विलंब कमी होतो. नोंदवहीत पुन्हा पुन्हा दिसले की स्त्रिया मरणाच्या दारातच येत आहेत, तर प्रशिक्षणाचा मोठा वाटा आसपासच्या आरोग्य केंद्रांकडे वळवावा आणि रुग्णवाहिकेचा प्रश्न जिल्हा कार्यालयापुढे मांडावा.

त्यानंतर एक संपूर्ण रात्र प्रसूतिकक्षात बसून काढावी, कोणाच्या कामात लुडबुड न करता. दिवे गेल्यावर काय होते, शस्त्रक्रियागृहाची किल्ली कोणाकडे असते, भूल देणारा माणूस घरून यायला किती वेळ लागतो, औषधांच्या कपाटाला रात्री कुलूप असते का, हे नोंदवहीत सापडत नाही.

थोडेच विषय, पण हातात बसेपर्यंत

नोंदवही वाचली की अभ्यासक्रम जवळपास आपोआप ठरतो. बहुतेक ठिकाणी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, गरोदरपणातील रक्तदाब व झटके, आणि न रडणारे बाळ हे तीन विषय वरच्या क्रमांकावर येतात. जंतुसंसर्ग आणि अडलेली प्रसूती त्यांच्या पाठोपाठ असतात. पहिल्या सहा महिन्यांत दोनच विषय घ्यावेत. पाच दिवसांत वीस विषयांची व्याख्याने देणारी शिबिरे पाहुण्यांना समाधान देतात, पण रात्री तीन वाजता त्यातले काही आठवत नाही.

रक्तस्रावाचा सराव कसा घ्यावा हे थोडे तपशिलात सांगतो, कारण बाकी सगळे विषय त्याच साच्यात बसतात. यासाठी नॉर्वेच्या लेअर्डाल कंपनीने केलेला, पोटावर बांधायचा पुतळा मिळतो. एक प्रसाविका तो बांधून खाटेवर बाळंतीण म्हणून निजते. पुतळ्याच्या आतील गर्भाशय सैल ठेवणे किंवा घट्ट करणे, आणि टाकीतील लाल पाणी कमी-जास्त सोडणे हे तिच्याच हातात असते. बाळ बाहेर येते, वार पडते, आणि मग लाल पाणी थांबत नाही. समोरच्या दोघींनी काय करायचे? एकीने मोठ्याने मदतीची हाक मारायची आणि पोटावरून गर्भाशय चोळायला लागायचे. दुसरीने गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन द्यायचे, सलाईन लावायचे, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड एक ग्रॅम शिरेतून सावकाश सोडायचे, मूत्राशय रिकामे करायचे, वार पूर्ण आली का आणि कोठे फाटले आहे का ते पाहायचे. तरीही गर्भाशय घट्ट होत नसेल तर दोन्ही हातांमध्ये दाबून धरायचे आणि शस्त्रक्रियागृहाला कळवायचे. एक जण घड्याळ घेऊन उभी राहते आणि प्रत्येक गोष्ट कितव्या मिनिटाला झाली ते लिहिते. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडचा उपयोग बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच होतो आणि जितके लवकर द्यावे तितका अधिक होतो, हे त्या घड्याळाकडे पाहून जसे मनात ठसते तसे फळ्यावर लिहून ठसत नाही.

सराव संपल्यावर पहिला प्रश्न बाळंतीण झालेल्या प्रसाविकेला विचारावा: तुझ्याशी कोणी बोलले का, काय चालले आहे ते कोणी सांगितले का? बहुतेक वेळा उत्तर नाही असे येते, आणि ते आपल्याच मैत्रिणीच्या तोंडून ऐकल्यावर रुग्णाशी आदराने वागण्याविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्यानंतर सरावातल्या दोघींना स्वतःचे काय चांगले झाले आणि पुढच्या वेळी काय बदलणार हे बोलू द्यावे. प्रशिक्षकाने सर्वांत शेवटी, आणि थोडेच बोलावे.

रक्त किती गेले हे डोळ्यांनी ठरवण्यावर विसंबू नये. अनुभवी माणसाचाही अंदाज कमीच येतो. बाळंतिणीच्या खाली घालायचे, टोकाला मापाच्या रेषा असलेली पिशवी जोडलेले प्लॅस्टिकचे कापड मिळते. या साध्या साधनाच्या घडणीत आपल्या शेजारच्या बेळगावचा वाटा आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर असे कापड तयार केले आणि बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव टाळणाऱ्या गोळीच्या अभ्यासात ते वापरले. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विश्लेषणात २ लाख १० हजारांवर प्रसूती होत्या. मापाचे कापड वापरून रक्तस्राव वेळीच ओळखणे आणि वर सांगितलेले सर्व उपचार एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू करणे, एवढ्याने तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्रावाच्या निम्म्याच घटना ओळखल्या जात होत्या. नव्या पद्धतीत ९३ टक्के ओळखल्या गेल्या. रक्तस्रावाचे प्रशिक्षण द्यायचे असेल तर ही कापडे नियमित मिळतील अशी व्यवस्था आधी लावावी.

झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट शिकवताना मात्रेइतकाच भर पुढची मात्रा देण्यापूर्वीच्या तपासणीवर द्यावा: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे का, श्वास मिनिटाला सोळा किंवा अधिक आहेत का, लघवी पुरेशी होते का. विषबाधेच्या भीतीने हे औषध देणेच टाळणाऱ्या प्रसाविका पुष्कळ आढळतात. तपासणी नीट कळली आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच पेटीत दिसले की ती भीती जाते. न रडणाऱ्या बाळासाठी एकच सूत्र आहे: कोरडे करणे आणि चोळणे एवढ्याने श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या मास्क लावलेल्या पिशवीने, हवा द्यायला सुरुवात करायची. मास्क तोंडावर घट्ट बसवणे ही यातील खरी कसोटी आहे, आणि ती फक्त सरावाने जमते.

शिकवणाऱ्या प्रसाविका तिथल्याच हव्यात

बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने दुसऱ्या भेटीपासूनच मागे सरकायला लागावे. झिंबाब्वेत बुलावायो शहरातील म्पिलो सेंट्रल हॉस्पिटलमध्ये २०११ पासून हेच झाले. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे विकसित झालेला प्रॉम्प्ट हा प्रसूतीतील आणीबाणीचा अभ्यासक्रम स्थानिक प्रशिक्षकांनी आपल्याच सहकाऱ्यांना, आपल्याच रुग्णालयात शिकवला. डॉक्टर, प्रसाविका आणि परिचारिका एकत्र बसल्या. त्यातून त्यांनी स्वतःच सुधारणा सुचवल्या: प्रसूतिकक्षात सर्व रुग्णांची स्थिती दाखवणारा फळा, प्रकृती बिघडण्याची चाहूल देणारा तक्ता, आणि मृत्यूंचा नियमित आढावा. २०११ मध्ये तेथे ९,०७८ प्रसूतींमागे ६७ माता गेल्या होत्या. २०१४ मध्ये ९,८८४ प्रसूतींमागे ४८. या घटीचे सारे श्रेय एका अभ्यासक्रमाला देता येणार नाही, पण वॉर्डाने स्वतः शोधलेले उपाय टिकतात हे त्यातून दिसते.

टांझानियातील तीस रुग्णालयांत राबवलेल्या आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या कार्यक्रमातही प्रत्येक रुग्णालयातील निवडक कर्मचाऱ्यांनाच आपल्या सहकाऱ्यांचे मार्गदर्शक केले होते. सुमारे तीन लाख प्रसूतींच्या त्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतील बाळांचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी आणि मातामृत्यू सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाले.

मार्गदर्शक निवडताना सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत चांगले इंग्रजी बोलणारी व्यक्ती निवडू नये. जिच्याकडे नव्या मुली अडचण घेऊन जातात ती निवडावी. एका वॉर्डात किमान तिघी असाव्यात, कारण बदली, बाळंतपणाची रजा आणि परदेशी नोकरी यांमुळे त्यांतली एक वर्षभरात हमखास जाते. वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेची, म्हणजे परिसेविकेची, संमती असल्याशिवाय मात्र काहीही सुरू करू नये. सरावासाठी दहा मिनिटे काढणे तिच्या हातात असते.

येथे भत्त्याचा विषय स्पष्टपणे बोलावा लागेल. अनेक देशांत हॉटेलातील कार्यशाळेला हजर राहिल्याबद्दल दैनिक भत्ता मिळण्याची प्रथा मदत करणाऱ्या संस्थांनीच रूढ केली आहे. पगार तुटपुंजा असलेल्या प्रसाविकेला तो भत्ता हवासा वाटणे स्वाभाविक आहे, त्यात तिचा दोष नाही. पण त्यामुळे वॉर्ड ओस पडतो आणि शिकायला योग्य व्यक्ती न येता पाळी ज्याची आली तो येतो. वॉर्डातच, ड्यूटीच्या वेळेत, अर्ध्या तासाहून कमी वेळाचे सत्र घेतले तर हा प्रश्न बराचसा सुटतो. चहा आणि खाणे मात्र अवश्य द्यावे, आणि मार्गदर्शक प्रसाविकांना जादा कामाचा नियमित मोबदला द्यावा. तो करारात लिहावा, कारण त्यांच्या मोफत श्रमांवर कार्यक्रम उभा करणे मला अन्यायाचे वाटते.

भाषेचीही थोडी तयारी हवी. केनिया, युगांडा, घाना, झांबिया येथे परिचारिकांचे शिक्षण इंग्रजीत होते. पण सरावात आणीबाणीची हाक ज्या भाषेत खरोखर मारली जाते त्याच भाषेत ती मारू द्यावी. टांझानियात प्रसाविकेला म्कुंगा म्हणतात आणि बाळंतिणीला जोर लाव म्हणताना सुकुमा म्हणतात. असे वीस-पंचवीस शब्द पाहुण्याला आलेच पाहिजेत.

औषधे, पेट्या आणि वीज

कौशल्य आहे पण औषध नाही, ही स्थिती प्रसाविकेचे मन मोडते. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. वीज जाणाऱ्या रुग्णालयात त्याची ताकद कळत नकळत कमी होते आणि प्रसाविकेला वाटते की आपलेच काही चुकले. म्हणून फ्रिजमध्ये तापमापक ठेवावा, दिवसातून दोनदा नोंद करण्याची सवय लावावी, आणि देशाच्या यादीत असेल तर त्याच कामाच्या पण उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनचा विचार रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याबरोबर करावा. रक्तस्रावाच्या प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते २०१९ पासून आहे.

रक्तस्रावासाठी एक आणि झटक्यांसाठी एक अशा दोन पेट्या प्रसूतिकक्षात कुलूप न लावता ठेवाव्यात. आत औषधे, सुया, सलाईनचा संच, कॅथेटर आणि मात्रांचा छापील कागद असावा. झाकणावर यादी चिकटवावी आणि पेटी कागदी पट्टीने बंद करावी. पट्टी तुटलेली दिसली की पाळी संपण्याआधी पेटी पुन्हा भरायची, एवढा एक नियम पुरतो. औषधे सूटकेसमधून नेऊ नयेत. आफ्रिकेत वापरली जाणारी कितीतरी जेनेरिक औषधे भारतातच बनतात, पण ती त्या देशाच्या औषध नियंत्रकाच्या वाटेनेच रुग्णालयात पोहोचली पाहिजेत, नाही तर आपण गेल्यावर पुरवठा थांबतो.

यंत्रे देताना अधिक सावध असावे. पूर्व आफ्रिकेत वीज आपल्यासारखीच २३० ते २४० व्होल्टची आहे, त्यामुळे अमेरिकेतून आलेले ११० व्होल्टचे उपकरण तेथे जळते. भारतातून नेलेले चालते, पण बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे सॉकेट असल्याने प्लग बदलावा लागतो. दुरुस्ती करणारा आणि सुटे भाग देणारा त्याच देशात नसेल तर ते यंत्र देऊच नये. प्रकाशासाठी सौर दिव्यांचा पेटीवजा संच हा अपवाद म्हणता येईल, डॉ. लॉरा स्टाचेल यांनी २००८ मध्ये उत्तर नायजेरियातील रुग्णालयात काळोखात चाललेली बाळंतपणे पाहिल्यावर तो तयार झाला आणि आता अनेक देशांत वापरला जातो.

शस्त्रक्रिया, भूल आणि लांब पल्ल्याचे शिक्षण

सिझेरियन करणारे कोणी नसेल तर वरील सर्व प्रशिक्षण अर्ध्यावर अडते. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. लायबेरियात ब्रिटनमधील एम.सी.ए.आय. ही संस्था २०१३ पासून तेथील आरोग्य मंत्रालयाबरोबर अनुभवी प्रसाविकांना सिझेरियनसह प्रगत प्रसूतिशास्त्र शिकवते, आणि सिएरा लिओनमध्ये नॉर्वेची कापाकेअर ही संस्था २०११ पासून सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देते. हे काम वर्षानुवर्षांचे आहे. त्याला सरकारी मान्यता, पदनाम आणि पगार यांची हमी लागते. नव्या संस्थेने ते अंगावर न घेता अशा संस्थांना मनुष्यबळ किंवा पैसा पुरवावा. भुलीचे तज्ज्ञ असाल तर प्रसूतीतील सुरक्षित भुलीचा सेफ हा छोटा अभ्यासक्रम शिकवायला जाणे अधिक उपयोगी पडेल. तो ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आणि जागतिक महासंघाने मिळून तयार केला आहे.

नव्या प्रसाविका घडवण्याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. इथिओपियात कॅथरीन हॅम्लिन यांनी पती रेजिनल्ड यांच्यासह १९७४ मध्ये अदिस अबाबा येथे फिस्टुलाचे रुग्णालय उभारले. अडलेल्या प्रसूतीमुळे कायमची इजा झालेल्या स्त्रियांवर अनेक दशके उपचार केल्यावर, ही इजा होऊच नये म्हणून २००७ मध्ये त्यांनी प्रसाविकांचे महाविद्यालय काढले. ग्रामीण भागातील मुली निवडायच्या, चार वर्षे शिकवायचे आणि त्यांच्याच प्रदेशात नेमायचे, अशी तेथील रीत आहे. सोमालीलँडमध्ये हर्गेसा येथे एडना अदान यांनी स्वतःची बचत घालून उभारलेले प्रसूती रुग्णालय २००२ मध्ये सुरू झाले आणि तेथे रुग्णसेवेच्या जोडीला प्रसाविकांचे शिक्षणही सुरू झाले. शिष्यवृत्ती द्यायची इच्छा असणाऱ्यांनी एका विद्यार्थिनीचे पूर्ण शिक्षण, आणि शिक्षण संपल्यावर तिच्यासाठी सरकारी पद असल्याची खात्री, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. शिकूनही नेमणूक नसलेल्या प्रसाविका अनेक देशांत आहेत.

पैसा कोठून, कसा

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते, परंतु तिच्यावर आयकरात सवलत मिळत नाही. भारतात नोंदलेल्या न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च करमाफीत धरला जाण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची विशेष मंजुरी लागते. म्हणून आपल्या ट्रस्टमधून परस्पर रक्कम वळवण्याआधी सनदी लेखापालाला विचारावे. ब्रिटनमधील करदात्याने तेथील नोंदणीकृत संस्थेला गिफ्ट एडसह एक पौंड दिला तर सरकारकडून पंचवीस पेन्स अधिक मिळतात. इंग्लंड व वेल्समधील संस्थांचे हिशेब तेथील चॅरिटी कमिशनच्या नोंदणीत कोणालाही पाहता येतात. देणगी देण्यापूर्वी ते पाहावेत आणि विमानप्रवासावर किती, स्थानिक पगारांवर किती खर्च होतो याची तुलना करावी. स्थानिक समन्वयकाचा पगार हा माझ्या लेखी सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

एकाच देणगीदारावर विसंबू नये. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतील अनेक आरोग्य कार्यक्रम काही आठवड्यांत बंद पडले. वर्षभराचा किमान खर्च गाठीशी असल्याशिवाय रुग्णालयाला शब्द देऊ नये. निधीसाठी बाळंतिणींची किंवा मृत बाळांची छायाचित्रे वापरू नयेत, रुग्णालयाने परवानगी दिली तरीही.

जाणाऱ्याने पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातून घ्यावी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि ते नसेल तर परतताना भारतातच विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या, हिपॅटायटिस बी ची लस, आणि सुई टोचल्यास बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांची सोय, या गोष्टी प्रसूतिकक्षात काम करणाऱ्याला ऐच्छिक नाहीत.

मोजायचे काय आणि निघायचे कधी

किती जणींना शिकवले हा आकडा अहवालात छान दिसतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी रक्तस्राव झालेल्या किती स्त्रियांना सर्व उपचार एकत्र मिळाले, न रडणाऱ्या किती बाळांना पहिल्या मिनिटात हवा मिळाली, सरावाची आठवड्याची सत्रे खरोखर किती झाली, आणि ताजे मृतजन्म किती, हे चार आकडे दर महिन्याला वॉर्डाच्या फळ्यावर प्रसाविकांनीच लिहावेत. मातामृत्यू एका जिल्हा रुग्णालयात वर्षाला थोडेच असतात, त्यामुळे त्यांच्या चढउतारावरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण प्रत्येक मृत्यूचा आढावा, महाराष्ट्रात माता मृत्यू अन्वेषण होते त्याप्रमाणे, व्हायलाच हवा. त्या बैठकीत कोणाचे चुकले हे विचारायचे नाही, कोठे अडले हे विचारायचे, आणि उठण्यापूर्वी एक बदल व तो करणाऱ्याचे नाव लिहायचे. शिक्षेची भीती शिरली की नोंदी खोट्या होऊ लागतात.

निघण्याची तारीख पहिल्याच करारात असावी. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पूर्णपणे स्थानिक मार्गदर्शकांकडे जावे, आणि तिसऱ्या वर्षी पाहुण्यांनी फक्त निरीक्षण करावे. पुतळ्यांचे सुटे भाग, मास्क, मापाची कापडे आणि मार्गदर्शकांचा मोबदला यांची तरतूद रुग्णालयाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात टप्प्याटप्प्याने बसवावी. त्यानंतर वर्षातून दोनदा फळ्यावरचे आकडे मागवावेत. ते घसरू लागले तर कोणत्या महिन्यापासून घसरले हे आधी पाहावे. त्याच सुमारास एखाद्या मार्गदर्शक प्रसाविकेची बदली झालेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे असेल तर नवा कार्यक्रम आखण्यापेक्षा तिच्या जागी दुसरी तयार करण्यासाठी दोन आठवड्यांची भेट ठरवावी.